बेळगावच्या टिळकवाडीतला छातीचा दवाखाना : तीन तास थांबवतात, तरी जा

आधीच सांगतो, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमना जाहिरात आवडत नाही, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं कुठल्याही रिक्षावाल्याला 'छातीच्या मॅडम' म्हणून विचारा, नेऊन सोडतो. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं येतंय.

आमचं गाव निपाणीजवळ. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, राहायला अनगोळात. आण्णांचं वय त्रेसष्ट, गावात स्वतःचं गुऱ्हाळ आहे आणि गुळव्या (गूळ करणारा) पण तेच. आता आमच्याकडं छातीचं काही निघालं की म्हातारी माणसं अजून मिरजेचंच नाव घेतात, नाहीतर कोल्हापूर, बेळगावला कोण येत नाही. मी इथं राहतो म्हणून आण्णा इथं आले एवढंच, आणि तेही तीन वर्षं वाया गेल्यावर.

झालं काय होतं, दसरा झाला गुऱ्हाळ पेटलं की आठ-दहा दिवसात आण्णांना खोकला लागायचा, कोरडा, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला अंगात कणकण, ताप, रात्री घाम, सकाळी परत बरे. पहिल्या वर्षी वाटलं हवा बदलली. दुसऱ्या वर्षी दम लागायला लागला, वजन सात किलो उतरलं, तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन्ही बाजूला डाग दिसले आणि सरळ टीबीच्या गोळ्या चालू. बेडका तपासला होता का, तर हो, एकदा, आणि त्यात काही सापडलं नव्हतं. तरी सहा महिने एकेटी, म्हणजे त्या टीबीच्या गोळ्या, खाल्ली. लघवी केशरी व्हायची (ती त्यातल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधानं होते, घाबरायचं नसतं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं त्यामुळं आण्णा पहिल्या दिवशी जाम घाबरले). घरात आण्णांचं ताट-तांब्या वेगळं झालं, नातवंडांना जवळ घ्यायचे नाहीत. आईनं तो तांब्या अजून वेगळ्या फळीवर ठेवलाय, आता काढ म्हटलं तरी काढत नाही.

आणि गंमत अशी की गोळ्या चालू असताना बरे वाटले! कारण तोवर मार्च आला होता आणि गुऱ्हाळ बंद झालं होतं. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार. पुढच्या दसऱ्याला परत तेच. यावेळी म्हणे दमा आहे, इनहेलर घ्या. इनहेलरनं काडीचा फरक नाही. दिवाळीत अक्काकडं पुण्याला गेले, पंधरा दिवस राहिले, आठव्या दिवसापासून खोकला गायब, पर्वती चढून आले म्हणे अर्धी. घरी आले आणि चौथ्या दिवशी परत धाप. पुण्याच्या धुरात बरं वाटतं आणि गावच्या हवेत दम लागतो, आम्ही यावर हसलो होतो बघा, हसायची गोष्ट नव्हती.

तर मग इथं आणलं. लाल डब्यातनं निपाणी ते बेळगाव, आईचं कर्नाटकातल्या बायकांना फुकट प्रवासाच्या 'शक्ती' योजनेचं शून्य रुपये तिकीट, आण्णांचं पैसे देऊन, त्यावरनं सीबीटी (बेळगावचा बस स्टँड) येईपर्यंत दोघांची कुरबुर. दवाखाना साधाच, जुना बंगला, बाहेर पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला सव्वादोनला. पार्किंग शून्य, गाडी लावायची तर गल्लीत कुणाच्या तरी दारात आणि मग शिव्या खायच्या. दम लागणाऱ्या माणसांना तीन तास बसवणं बरं नव्हे, अर्धा स्टार त्याचा. पण आत गेल्यावर कळलं उशीर का होतो ते. मॅडम एकेका पेशंटला अर्धा अर्धा तास विचारत बसतात.

मॅडम कन्नड आहेत, पण मराठी बोलतात आपली बेळगावची. पहिला प्रश्न, "काय आण्णा, कवापास्नं दम लागूलालाय?" आण्णा एकदम मोकळे झाले. मग प्रश्नांची माळ. घरात कबुतरं आहेत का. कोंबड्या? कुठं बसतात? भिंतीला ओल येते का? कूलर आहे का? पिसांची उशी? धान्य पाखडताना त्रास होतो का? तंबाखूचं काही करता का (निपाणी म्हटलं की हे आलंच)? ताप कामावर असताना येतो की घरी आल्यावर? गाव सोडून गेलात की कसं वाटतं?

कूलरचं ऐकून मला हसू आलं, तर त्यांनी सांगितलं की भारतात फुफ्फुसाच्या जाळीच्या आजारांची एक मोठी नोंद केली गेली, 2012 ते 2015 मध्ये, 19 शहरातली 27 केंद्रं, 1,084 पेशंट. त्यात सगळ्यात जास्त निघालेला आजार म्हणजे 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस', 47 टक्के, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या घरी कूलर होता. म्हणजे श्वासातनं बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, कुजक्या गवताची धूळ असलं काही जातं आणि फुफ्फुस त्याच्यावर चिडतं. जंतू वाढत नाहीत आत, म्हणून टीबीच्या गोळ्या चालत नाहीत. नळ्या आकसलेल्या नसतात, म्हणून दम्याचा पंपही चालत नाही. दोन वाक्यात आमच्या दोन वर्षांचा हिशोब झाला.

तपासायची पद्धत पण सांगतो. आण्णांना दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावायला सांगितली, मधे पतंगासारखी बारीक फट दिसते का बघायला. नखं फुगायला लागली की ती फट बुजते. श्यामरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरला ते स्वतःच्याच बोटांवर कळलं होतं म्हणे. आण्णांची फट होती, थोडीशी. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि नळ्या माझ्या कानात घातल्या. खाली चर्र्र चर्र्र, बीपीच्या पट्ट्याचं ते चिकटणारं कापड ओढून काढल्यावर येतो ना तसला आवाज, आणि मधेच श्वास आत घेताना बारीकसं चिवचिव. माझ्या बापाच्या छातीत चिमणी बोलत होती आणि मला त्रेचाळीस वर्षात पहिल्यांदा ऐकू आली. स्टेथोस्कोप निघून दोनशे वर्षं झाली, 1816 ला लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी करून पहिल्यांदा ऐकलं, आणि आमच्या आधीच्या दोन डॉक्टरांनी आण्णांचा शर्ट वर केलेला मला तरी आठवत नाही.

आता फुंकायची टेस्ट, म्हणजे पीएफटी. हिच्यासाठी खरंतर हा रिव्ह्यू लिहायला बसलो होतो. छोटी खोली, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर स्क्रीन. टेक्निशियन पोरगी असेल पंचविशीची, एवढीशी, पण आवाज बघा! "पूर्ण आत घ्या काका... आणि फुंका! फुंका फुंका फुंका! ऊदी ऊदी ऊदी! बिडब्याडरी, बिडब्याडरी, अजून, अजून, अजून!" (कन्नडमधे ऊदी म्हणजे फुंका, बिडब्याडरी म्हणजे सोडू नका.) बाहेर बसलेली माणसं पण नकळत फुंकायला लागली. सहा सेकंद तरी सोडायचं नाही आणि निदान तीन फुंका एकसारख्या यायला पाहिजेत, नाहीतर आकडे बिनकामाचे. आण्णांची पहिली फुंकर गेली गालातनं. ती म्हणाली, काका चूल फुंकल्यागत करा, तर हे म्हणाले, चूल फुंकताना गालच फुगवायचे असतात, तुला काय ठाऊक. पाचव्या वेळेला जमलं. मग चार झुरके पंपाचे देऊन पंधरा मिनिटं बसवलं आणि परत सगळं. (हे औषध देऊन परत फुंकायला लावणं काही ठिकाणी करतच नाहीत, पैसे वाचवायला की वेळ वाचवायला माहीत नाही. तुम्ही विचारून घ्या.)

रिपोर्ट मॅडमनी समोर ठेवून समजावला. एफव्हीसी म्हणजे एका फुंकीत एकूण किती हवा बाहेर आली, ती आण्णांची अपेक्षेच्या 58 टक्के. आणि पहिल्या सेकंदात त्यातली किती आली त्याचं गुणोत्तर 0.84. नळ्या अडल्या असत्या तर हे गुणोत्तर खाली आलं असतं, पंपानंतर पण 0.70 च्या खाली राहिलं की सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अडण्याचा आजार, म्हणतात. इथं उलट, पिशवीच लहान झालेली पण तोंड मोकळं. पंपानंतर फरक नाही. मग सहा मिनिटं चालायची टेस्ट, बोटाला ऑक्सिमीटर लावून. ह्याला तीस मीटरची सरळ वाट लागते, दवाखान्यात एवढी लांब जागा नाही म्हणून मागच्या अंगणात चुन्याची रेघ मारलीय, एका टोकाला तुळशी आणि दुसऱ्या टोकाला सायकल. 310 मीटर चालले, ऑक्सिजन 95 वरनं 87 ला उतरला. बसलेल्या माणसाचा 95 बघून आजवर सगळे 'नॉर्मल आहे की' म्हणत आले होते.

सीटी बाहेर एका सेंटरला काढायला पाठवलं, आणि तिथं घोळ झाला. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं की श्वास आत घेऊन आणि श्वास सोडून, दोन्ही काढा. त्यांनी फक्त आत घेऊनच काढला, साडेचार हजार घेतले आणि मॅडमनी परत पाठवल्यावर परत दीड हजार मागत होते. भांडून फुकट काढून घेतला. श्वास सोडल्यावर जो भाग काळा राहतो तिथं हवा अडकलीय असं कळतं, आणि ह्या आजारात तो महत्त्वाचा पुरावा असतो. सीटीत पांढरं, राखाडी, काळं असे तीन रंगांचे तुकडे गोधडी शिवल्यागत दिसत होते. तर सीटीच्या टेबलवर आडवं व्हायच्या आधीच चिठ्ठी दाखवून विचारा, दोन्ही काढणार ना म्हणून.

बेडका परत तपासला, ट्रूनॅट नावाच्या टीबी तपासायच्या मशीनवर, नको ती शंका नको म्हणून. ते मशीन गोव्यात बनतं, चोर्ला घाट उतरला की पलीकडं, आणि 2020 ला डब्ल्यूएचओनं त्याला मान्यता दिली, हे मला माहीतच नव्हतं, आपण समजतो असली मशीनं परदेशातनंच येतात. टीबी नाही. मोठ्या हॉस्पिटलात ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे नळीत दुर्बीण घालून, फुफ्फुस थोडं धुवून पाणी तपासलं, त्यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी खूप. म्हणजे आजार कळला. पण कशामुळं?

इथं मॅडमनी सांगितलं, गुऱ्हाळाचा व्हिडिओ काढून आणा, आण्णा बसतात तिथनं, चालू असताना. मी रविवारी गेलो. आण्णा गूळ आटवायच्या काहिलीपाशी उभे असतात तेवढे असतात, बाकी वेळ चुलाणाच्या (काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या) मागं चिपाडाच्या (रस काढून उरलेल्या उसाच्या) ढिगाला टेकून डब्यावर बसतात, तिथनं जाळ घालणाऱ्या जळव्याला ओरडायला सोपं. मी पाच मिनिटांचा व्हिडिओ केला. मॅडमनी तो तीनदा बघितला आणि एका ठिकाणी थांबवला. जळव्या ढिगात आकडी घालून चिपाड ओढतो आणि राखाडी लोट उठतो, आण्णांच्या तोंडावरनं जातो. मी म्हटलं, मॅडम धूर आहे तो, गुऱ्हाळात धूर असणारच. त्या म्हणाल्या, "चुलाण तर त्या बाजूला आहे की ओ. मग धूर हिकडं कसा?"

ती धूळ होती. मागच्या सीझनचं उरलेलं चिपाड, पावसाळाभर पत्र्याच्या गळक्या शेडखाली भिजलेलं, आतनं तापलेलं, बुरशी आलेलं. दसऱ्याला चुलाण पेटवायला आम्ही आधी तेच जुनं वापरतो, ताजं अजून वाळलेलं नसतं म्हणून. ह्या आजाराला नाव पण आहे, बॅगासोसिस, बगॅस म्हणजे चिपाड. 1941 ला अमेरिकेत लुइझियानात पहिल्यांदा लिहिलं गेलं, तिकडं उसाच्या चिपाडाचे गठ्ठे फोडणारे कामगार आजारी पडायचे. ताज्या चिपाडानं होत नाही, साठवलेल्या ओल्या चिपाडानं होतं. आतल्या उबेत वाढणारा एक जंतू असतो, 1971 ला त्याला नाव दिलं तेच मुळी 'सॅक्कराय', साखरेवरनं. त्या धुळीत श्वास घेतल्यावर चार ते आठ तासांनी ताप चढतो, म्हणून आण्णांना सकाळी दहाला काही नाही आणि संध्याकाळी कणकण. आमच्या चिकोडी-हुक्केरी-निपाणी पट्ट्यात किती गुऱ्हाळं आणि किती साखर कारखाने, आणि मी हे नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं.

इथं माझा एक शहाणपणा. मला वाटलं नमुना लागेल, म्हणून पुढच्या वेळी ते चिपाड कॅरीबॅगमधे घालून दवाखान्यात घेऊन गेलो. शेडमधे बसून बाजूच्या आजोबांना उघडून दाखवत होतो. कंपाउंडर धावत आला, पिशवीसकट मला रस्त्यावर काढलं. बरोबरच केलं. दम्याची पंधरा माणसं बसलेली.

ते आजोबा पण भारी केस. दोन वर्षं एकाच बाजूला शिट्टी वाजायची छातीत, दमा म्हणून पंप चालू, दर महिन्याला न्यूमोनिया. शेवटी दुर्बीण घातली तर उजव्या नळीत सुपारीचं खांड. पान खाताना ठसका लागला होता कधीतरी, विसरून गेले. सुपारी एक्स-रेत नीट दिसत नाही, हाडासारखी ती पांढरी उमटत नाही. खांड डबीत घालून खिशात घेऊन फिरतात आता, विचारलं की दाखवतात. 1897 ला जर्मनीत किलियन नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा असं नळीतनं काहीतरी काढलं, ते पण एका शेतकऱ्याच्या छातीत अडकलेलं हाड होतं. म्हणजे खाताना बोलणारा शेतकरी सगळीकडं सारखाच.

उपचार म्हणाल तर मुख्य एकच, त्या धुळीपासून लांब. बाकी स्टेरॉईडच्या गोळ्या, हळूहळू कमी करत. त्यानं आण्णांची साखर अडीचशेच्या वर गेली, गुळव्याला गूळ बंद, महिनाभर घरात कुणाशी नीट बोलत नव्हते. आदण उतरल्यावर बोटाला लावून चाखल्याशिवाय गूळ कळतो होय, हा त्यांचा मुद्दा, आणि त्याला मॅडमकडं पण उत्तर नव्हतं. चार महिन्यांनी एफव्हीसी 74 टक्के, अंगणात 420 मीटर, ऑक्सिजन 91 च्या खाली गेला नाही. पूर्ण भरून येणार नाही, थोडे व्रण पडलेत आत. 2020 च्या नवीन गाईडलाइनमधे ह्या आजाराचे व्रण असलेला आणि नसलेला असे दोन भाग केलेत आणि पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. पहिल्या वर्षी कळलं असतं तर, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते आता कशाला.

दुसरी तक्रार. आण्णांची माहिती एका संशोधनाच्या नोंदीत घालायची परवानगी मागितली, औषध-बिषध काही नाही, फक्त रिपोर्ट आणि दर सहा महिन्यांनी फुंकणं. फॉर्म आला कन्नड आणि इंग्लिश. आण्णांना दोन्ही येत नाही, कन्नड बोलण्यापुरती येते, वाचता नाही. सही करा म्हणाली रिसेप्शनची पोरगी, मी सगळं सांगते तोंडी. मी अडलो. पेशंटला कळेल अशा भाषेत संमती घ्यायची हा आयसीएमआरचाच (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) नियम आहे, आणि ह्या गावात मराठी कळणारी माणसं काय कमी आहेत? भाषेचं राजकारण मला करायचं नाही, इथं राहून तेवढं शिकलोय, पण फुफ्फुस आण्णांचं आहे. मॅडमनी ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला मराठी फॉर्म टाईप करून तयार होता, चार शुद्धलेखनाच्या चुका, 'श्वास' सगळीकडं 'स्वास'. आण्णांनी पूर्ण वाचला, चष्मा लावून, वीस मिनिटं, आणि मग सही केली. त्यांच्यामागं रांग खोळंबली, हे पण खरं.

खर्च विचारतात म्हणून : पहिला केसपेपर सहाशे, नंतर दोनशे, फुंकायची टेस्ट बाराशे, चालायची फुकट. मेडिकल आतलंच आहे पण बाहेरनं घ्या म्हणून मॅडम स्वतः सांगतात. मंगळवारी गर्दी कमी. चपाती-भाजी घेऊन जा, समोरच्या कँटीनचा चहा पाणचट.

यंदा दसऱ्याला जुनं चिपाड पहिल्यांदाच शेतात पसरून टाकलं, पावसाआधी नवीन पत्रे घातलेत, ढीग फोडायचा झाला तर आण्णांनी तिथं थांबायचं नाही. जळव्याला चांगला मास्क दिलाय, तो हनुवटीवर लावतो. आण्णा आता वाऱ्याच्या उलट बाजूला, आंब्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि तिथनं ओरडतात. आवाज परत आलाय, पलीकडच्या गुऱ्हाळात ऐकू जातो.

परवा शेवटच्या चेकअपला मॅडमनी आण्णांचं झाल्यावर माझ्याकडं वळून विचारलं, तुम्ही काय करता. म्हटलं फाउंड्रीत, मोल्डिंगला. किती वर्षं? एकोणीस. वाळू कोरडी असते का, फोडताना उडते का, पाणी मारता का? म्हटलं मास्क लावतो की. कुठला? मी खिशातनं रुमाल काढून दाखवला. त्यांनी रुमालाकडं बघितलं, बेल मारली आणि माझ्या नावाचा नवीन केसपेपर काढायला सांगितला. सहाशे रुपये.